वडप्याच्या गोडाऊनमधले राज्यपाल

आधी एक सांगा, तुमच्यात वडप्याचा, म्हणजे आमच्या गावचा, कोणी आहे का? नाही ना? नक्की? मग तो दरवाजा जरा लोटून घ्या आणि चहा ओता. असला गाढवपणा करून बसलोय की सांगायला तोंड नाही, आणि सांगितल्याशिवाय पोटात राहत नाही.

माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. दूधवाला हसला तरी मला वाटतं, आज पाणी जास्त घातलंय. आमची बायको सुनंदा म्हणते, "देवानं तुमाला डोले दोनच दिलं, पन संशय पोतंभर दिला." पण मला सांगा, भिवंडीत राहून माणूस संशयी नाही होणार तर काय होणार? इथे बूट फर्स्ट कॉपी, घड्याळ फर्स्ट कॉपी, अत्तर फर्स्ट कॉपी. ओरिजनल म्हणाल तर फक्त ट्रॅफिक आणि धूळ!

शिवाय आमच्या चुलतभावाचं, बाळूचं काय झालं ते बघितलंय मी. त्याच्या गोडाऊनमध्ये एक पार्टी आली. गोड बोलणारी. म्हणाली, साबण ठेवायचाय. साबण निघाला बनावट. पार्टी पळाली, पोलिसांनी शटरला सील ठोकलं, आणि बाळू अजून कोर्टात तारखा घेत फिरतोय.

माझं तर एकच गोडाऊन. भावांच्या वाटण्या झाल्या त्यात हातात उरलेलं तेवढंच. घर त्याच्यावर, पोरीचं फार्मसीचं शिक्षण त्याच्यावर. त्याला सील लागलं की आमचा बाजार उठला. म्हणून मी भाडेकरू असा बघतो, जसा बाप पोरीसाठी स्थळ बघतो.

तर दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या दलालाचा, इकबालभाईचा फोन आला. "जनूशेठ, पार्टी लाया हूँ. छोटा कोना चाहिए बस. एकदम शरीफ आदमी. गव्हर्नर रह चुके हैं."

"कुठल्या बँकेचे?"

"अरे बँक का नहीं, राज्य का! राज्यपाल!"

मी फोनवरच हसलो. आमच्याकडे माजी नाही असा माणूस दाखवा तुम्ही! हळदीच्या स्टेजवर माईकवाला नावं पुकारायला लागला की ऐका. माजी सरपंच, माजी उपसरपंच, माजी संचालक, माजी सभापतींचे सख्खे मेहुणे. शाल-नारळ देता देता नवरा बिचारा हळदीतच वाळून जातो. त्यात आणखी एक माजी राज्यपाल!

म्हटलं, आणा. बघू तर खरं.

आले. कशातून आले? शेअर रिक्षातून! कल्याणहून कोनमार्गे, दोनदा रिक्षा बदलून. आणि बसले होते कुठे? ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धे आत, अर्धे हायवेवर. अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, पायात चप्पल, हातात कापडी पिशवी आणि छत्री. वय असेल पंचाहत्तरच्या पुढे. उतरल्यावर सुट्ट्या पैशांवरून रिक्षावाल्याशी वाद घातला आणि हरले.

आता मला सांगा, राज्यपाल म्हटल्यावर पुढे सायरनची गाडी नको? मागे पांढरी गाडी नको? तुरेवाला शिपाई नको? आणि हे? छत्री!

"नमस्कार, जनार्दनराव," ते म्हणाले. आवाज मात्र असा की माझा हात आपोआप खिशातून बाहेर आला.

"नमस्कार. माल काय ठेवणार, साहेब?"

"कागद."

"कसले?"

"माझ्या कारकिर्दीचे. भाषणं, दौऱ्यांचे कार्यक्रम, फोटो. मुलाच्या फ्लॅटमध्ये जागा नाही हो. सून चांगली आहे, पण खोक्यांवरून नातू दोनदा पडला."

"म्हणजे ओरिजनल कागद?"

"छे छे. मूळ कागद सरकारकडे असतात. माझ्याकडे सगळ्या कॉपी."

बघा! पहिल्या पाच मिनिटांत माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतो! आणि दुसरं, भिवंडीत कागद विकत न्यायला लोक येतात, रद्दीची गोडाऊनं आहेत आमच्याकडे. पण कागद ठेवायला वर भाडं देणारा माणूस? हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी इकबालभाईला बाजूला घेतलं.

"यो मानूस बरोबर न्हाय."

"शेठ, तुम को तो अपना साया भी चोर लगता है. मना करना है तो कर दो, बगलवाला तैयार बैठा है."

बाजूवाला म्हणजे पद्याभाऊ, आमच्या गल्लीतला सगळ्यात मोठा गोडाऊनवाला. त्याला पार्टी जाणार म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. संशय आपल्या जागी, धंदा आपल्या जागी.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून खोके आले. कोपऱ्यात प्लायचं पार्टिशन मारून दिलं, एक टेबल, एक प्लास्टिकची खुर्ची. म्हातारा एक दिवसाआड यायचा, आत जायचा आणि दार लावून घ्यायचा. दार कशाला लावायचं? कागदांना काय थंडी वाजते?

मी शिडी लावली. हसू नका, तुम्ही पण लावली असती. पार्टिशनच्या वरून डोकावलो. टेबलावर कागदांची चळत, आणि प्रत्येक कागदाच्या डोक्यावर तीन सिंह! आणि कोरे नाहीत, छापलेले! बनावट साबण परवडला हो, बनावट सरकार म्हणजे काय?

मग ते उठले. घसा खाकरला. एक हात छातीवर ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मी ईश्वरसाक्ष शपथ घेतो की..."

मी शिडीवरून पडता पडता वाचलो. रिकाम्या गोडाऊनमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यांसमोर, शपथ! पूर्ण घेतली. मग खाली बसून जरा वेळाने म्हणाले, "उद्या सकाळी बहुमत सिद्ध करा, नाहीतर सरकार गेलं म्हणून समजा." थोडं थांबून, "पूर्णविराम."

पूर्णविराम म्हणजे? कुणाला संपवणार?

तडक घरी गेलो. सुनंदाला सगळं सांगितलं.

"आपल्या गोडाऊनमध्ये सरकार पाडतायत!"

"कोन?"

"तो म्हातारा!"

"एकटाच?"

"एकटाच दिसतो. बाकीचे फोनवर असणार."

ती भाकरी थापत होती, थांबली. "अवो, म्हातारा मानूस हाय. घरात कोन ऐकत नसल त्याचा. बोलत असल आपला खोक्यांशी. तुमी पन नाय का म्हशीशी बोलायचं?"

हिला राजकारणातलं काय कळतं?

मी कोन गावाला गेलो, पुतण्याकडे. निलेशचं तिथे बॅनरचं दुकान आहे. त्याने साहेबांचं नाव टाकून मोबाईल माझ्यापुढे धरला. "काका, हे बघ. फोटो हाय, माहिती हाय. खरोखरचे राज्यपाल होते. चेहरा पन तोच."

"नेटवर कोणीपण काय पण टाकतं."

"काका, फोटोत राष्ट्रपती बाजूला उभे हायत!"

"माझ्या वाढदिवसाच्या बॅनरवर माझ्या बाजूला कोण उभं होतं?"

निलेशने मोबाईल खिशात घातला. वाघ उभा होता. त्यानेच लावलेला.

तरी मी सगळी माहिती पाठ करून घेतली. जन्म, शिक्षण, पेशा, कधी कुठे काय होते ते. म्हटलं, साहेबांची तोंडी परीक्षा घेऊ. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन आत गेलो आणि गप्पा मारल्यासारखं दाखवून सुरुवात केली.

"साहेब, तुम्ही आधी वकिली करायचात म्हणे?"

"मी? कधीच नाही. मी शाळामास्तर होतो. नेटवर वाचलंत होय? तिथे कोणीतरी चुकीचं टाकलंय. मी दोनदा कळवलं, ते म्हणतात, पुरावा द्या."

एक चूक!

"आणि गाव तुमचं ते... नदीकाठचं?"

"नदी कुठली? ओढा होता. तोही आटला."

दुसरी चूक!

"जन्मतारीख?"

"कागदावर एक जून. खरी तारीख आईलाच ठाऊक, आणि ती म्हणायची, त्या साली भुईमूग चांगला आला होता."

तिसरी! आता तुम्ही म्हणाल, अरे गाढवा, आपल्याकडे त्या पिढीत अर्ध्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच असतो, मास्तरच टाकायचे तसा. ते मलाही माहीत आहे. माझा स्वतःचा एक जून आहे! पण संशय एकदा डोक्यात बसला की भाडेकरूसारखा असतो, जागा सोडत नाही. मी मनात म्हटलं, ज्या माणसाला स्वतःचं आयुष्यसुद्धा नीट पाठ नाही, तो कसला राज्यपाल? नक्कल करायची तर नीट तरी करावी!

शेवटचा पुरावा म्हणून मी साक्षीदार आणला. साहेब ज्या लांबच्या डोंगराळ राज्याचे राज्यपाल होते म्हणायचे, तिथला एक माणूस पद्याभाऊच्या गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. रोबिन त्याचं नाव. त्याला टपरीवर भजी खायला घातली आणि समोरून चालत येणारे साहेब दाखवले.

"पहचानता है?"

"नहीं सेठ."

"नीट देख. तेरे स्टेट का गव्हर्नर था."

"हमारा गव्हर्नर?" रोबिनने भजी खाली ठेवली. "सेठ, गव्हर्नर को किसने देखा है? आपका गव्हर्नर कौन है?"

माझा? मी इकडे तिकडे बघितलं. टपरीवाल्याकडे बघितलं. त्याने किटलीकडे बघितलं. तुम्ही सांगा बघू पटकन, मोबाईल न काढता! राहू द्या, राहू द्या. पण मी त्यातून अर्थ काय काढला? की साक्षीदाराने ओळखायला साफ नकार दिला!

झालं. माझी खात्री पटली. एकच प्रश्न उरला, कळवायचं कसं? माझं नाव पुढे आलं तर म्हातारा आणि त्याची टोळी मला सोडणार नाही. आणि नाही कळवलं तर उद्या धाड पडल्यावर पोलीस म्हणणार, मालक सामील होता. म्हणजे बाळूच्या रांगेत मी.

सुनंदाने एकदाच सांगितलं, अगदी शांतपणे. "काय पन करा, सरकारला आपल्या दारात आनू नका. सरकार एकदा आला का जात न्हाय."

ऐकलं असतं तर आज तुमच्यापुढे दार लोटून बसलो असतो का?

पडघ्याच्या बाजारात एक ओळखीचे हवालदार भेटतात. त्यांना पानाच्या गादीमागे नेलं आणि कानात सगळं सांगितलं. राजमुद्रा, शपथ, सरकार पाडणे, पूर्णविराम. वर म्हटलं, "माझं नाव कुठेही यायला नको. तुम्ही असे या, जसे सहजच आलात. मी पण असा दचकेन, जसं मला काही माहीतच नाही."

हवालदारांनी पान थुंकलं. "जनूशेठ, तुमचं नाव माझ्या पोटात."

आणि मी सांगतो, त्या माणसाने शब्द पाळला. तिथेच सगळी गोची झाली, कारण आलेल्यांच्या लेखी मी खबर देणारा नव्हतो, नुसता जागेचा मालक होतो.

दोन दिवसांनी जीप आली. पुढे इन्स्पेक्टर, मागे हवालदार, आणि त्यांच्याबरोबर महसूलचे एक मंडळ अधिकारी. का? तर सरकारी कागदांचा मामला आहे, पंच म्हणून सरकारी माणूस असलेला बरा. गल्लीतले सगळे गोडाऊनवाले शटरात येऊन उभे. मी ठरल्याप्रमाणे दचकलो. जरा जास्तच दचकलो बहुतेक, हातातला चहा हवालदारांच्याच बुटावर सांडला.

साहेब आत बसले होते. पोलीस बघून उठले, आपली एकुलती एक खुर्ची इन्स्पेक्टरना दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. "बोला. काय बघायचंय?"

"तुम्ही राज्यपाल होतात याचा काही पुरावा?"

पुरावा! त्यांनी एकेक खोका उघडला. नेमणुकीच्या हुकमाची प्रत. शपथविधीची निमंत्रणपत्रिका, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं. निरोपाच्या दिवशी राजभवनातून निघताना काय काय परत केलं त्याची पोच. खुर्च्या, गालिचे, चहाचे चमचेसुद्धा! एक चमचा कमी भरला होता, तो त्यांनी बाजारातून आणून दिला, त्याचीही पावती होती. इन्स्पेक्टर बाहेर जाऊन वर कुणाशी तरी फोनवर बोलले. आत आले ते टोपी नीट करत आणि एकदम ताठ. खुर्चीवर परत काही बसले नाहीत.

"आणि ते... शपथ वगैरे घेत होतात म्हणे एकटेच?"

साहेब हसले. "आत्मचरित्र लिहितोय. बोटं थरथरतात, म्हणून मोबाईलला सांगतो, तो टाईप करतो. पूर्णविरामही सांगावा लागतो त्याला. शपथ मात्र उभं राहूनच सांगितली. बसून घ्यायची नसते."

मला लाज वाटली. खोटं नाही सांगत. एवढं सगळं जपून ठेवलेलं आयुष्य, आणि मी ते साबणाच्या वड्यांसारखं उलटून बघायला लावलं. पण म्हटलं, चला, निदान मिटलं तर खरं. सील नाही, कोर्ट नाही. गोडाऊन वाचलं!

तेवढ्यात मंडळ अधिकारी म्हणाले, "पंचनामा तर करावा लागेल. जागेचा गट नंबर सांगा."

मी सांगितला. तोंडातून गेला पण. त्यांनी मोबाईलवर सातबारा उघडला, चष्मा वर केला, पत्र्याकडे बघितलं, परत मोबाईलकडे बघितलं.

"इथे तर भात आहे."

"कुठे?" हवालदार खाली बघायला लागले.

"सातबाऱ्यावर. बिगरशेती नाही, बांधकामाची परवानगी नाही. सरकारी नोंदीप्रमाणे आपण आत्ता भाताच्या शेतात उभे आहोत."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बापाने शेतात भराव घातला, चार खांब उभे केले, वर पत्रा टाकला. शेजाऱ्याने केलं, पद्याभाऊच्या बापाने केलं, आख्ख्या गल्लीने केलं. परवानगी कुणी मागितली नाही आणि कुणी विचारली पण नाही. कारण सरकार कधी या गल्लीत शिरलंच नव्हतं. त्याला रस्ता दाखवला तो... जाऊ द्या.

"बोला, मालक कोण?" मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं. "कागद काढा."

आधीच्या अर्ध्या तासात राज्यपालांनी चमच्यापर्यंतचे कागद काढले होते. माझ्याकडे त्या जागेचं होतं काय? लाईट बिल! तेही बापाच्या नावावर, शेतीपंपाचं.

मी गयावया करायला लागलो. तेव्हा साहेब खोक्यावरून उठले, छत्री उचलली आणि मंडळ अधिकाऱ्यांना म्हणाले, "यांच्यावर रागावू नका. सरकारी दप्तर भात म्हणतंय, तर भात आहे. दप्तर खोटं आहे असं मी या वयात कसं म्हणू? चूक माझीच. उभ्या पिकात खोके ठेवले. उद्या उचलतो."

इन्स्पेक्टरसुद्धा मान वळवून हसले हो!

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. साहेबांनी एका शब्दाने मला काही विचारलं नाही. फक्त रिक्षात बसताना जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाले, "जनार्दनराव, शिडीचा खालचा पाय निखळलाय. दुरुस्त करून घ्या. मला रोज भीती वाटायची, तुम्ही पडाल म्हणून."

रिक्षा वळली आणि मी तिथेच उभा राहिलो. त्या दिवशी जेवलो नाही.

पण खरी मजा पुढेच आहे. मंडळ अधिकारी गल्लीत शिरले ते शिरले. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक शटरवर नोटीस! परवानगी दाखवा, नाहीतर सील. आख्खी गल्ली माझ्या ओटीवर जमली. पद्याभाऊ नुसता पेटला होता.

"चालीस वर्सं सरकारला म्हाईत नव्हता! कुनीतरी चाडी केल्याशिवाय यो झालाच न्हाय! घरभेदी हाय कोनतरी आपल्यातच!"

"त्याचा तंगडाच मोडतो," बाळू म्हणाला. त्याच्या गोडाऊनला आधीच सील, पण राग सगळ्यांच्या वाट्याचा.

मी काय करणार? गप्प बसलो असतो तर संशय माझ्यावर आला असता. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडलो, "हाय म्हंजे हायच! शोधून काढल्याशिवाय सोडाचा न्हाय!"

सुनंदा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की चार चमचे साखरेचा चहा मला कडू लागला.

पद्याभाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जनू, यो काम तुज्याशिवाय कुनाला जमनार न्हाय. आख्ख्या वडप्यात तुज्यावानी संशयी मानूस न्हाय. तूच शोध."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकमताने ठराव पास.

तेव्हापासून तपास चालू आहे. रोज संध्याकाळी पद्याभाऊ शटर ओढता ओढता विचारतो, "काय जनू, सापडला का?"

मी म्हणतो, "अगदी जवळ आलोय."